झील कोण धरणार?

येत्या शनिवारी आमच्या इमारतीतल्या चौथ्या मजल्यावरच्या मुलाचा लोअर परळला कार्यक्रम आहे. तिकीट ४९९ रुपये, खुर्च्या नाहीत, आणि २१ वर्षांखालच्यांना प्रवेश नाही. पहिल्या दोन गोष्टी मला समजल्या. तिसरीचं कारण त्यानेच सांगितलं. कार्यक्रम आहे तिथे बार आहे, आणि आपल्या राज्यात बिअरला २१ आणि कडक दारूला २५ अशी वयाची अट असल्यामुळे दारातच आधार कार्ड बघतात. तो स्वतः २२ चा आहे. पण त्याची गाणी ज्यांनी उचलून धरली ती मुलं बहुतेक अकरावी-बारावीची, फार तर एफवायची. डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, इकडचीच सगळी. म्हणजे ज्यांच्या जिवावर हा कार्यक्रम मिळाला, त्यातली बहुतेक दाराबाहेर.

“मग आत कोण येणार?” मी विचारलं.

“तेच तर बघायचंय ना, काका.”

तो रॅप करतो, मराठीत. त्याचं नाव इथे देत नाही. त्याला नावं दोन आहेत, एक रेशन कार्डावरचं आणि एक फोनवरचं. दुसरं नाव त्याच्या आईला उच्चारता येतं, पण ती उच्चारत नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत ‘गली बॉय’ आला तेव्हा हा दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर होता. त्या सिनेमामागे खरी माणसं आहेत, कुर्ल्याचा नेझी आणि अंधेरीच्या जे. बी. नगरचा डिव्हाइन, हे त्याला सिनेमा बघून आल्यावर कळलं. नेझीने २०१४ मध्ये आपलं ‘आफत’ आयपॅडवर केलं होतं, हेही तेव्हाच कळलं. आईच्या मते सिनेमाने नाही, त्या आयपॅडने तिच्या मुलाचं वाटोळं केलं. स्टुडिओ लागत नाही, कंपनी लागत नाही, वाद्य लागत नाही, घरातलं कुणी गाणारं असावं लागत नाही, हे एकदा पोराला कळलं की कोण थांबवणार?

सुरुवातीला तो हिंदीत लिहायचा. त्या हिंदीत तो अंधेरीचा वाटायचा, आणि अंधेरीला तो तेव्हा फारसा गेलेलाही नव्हता. मग त्याने अमरावतीच्या सौरभ अभ्यंकरला ऐकलं, जो ‘१०० आरबीएच’ या नावाने रॅप करतो. शंभराला सौ म्हणा आणि पुढची अक्षरं जोडा, म्हणजे त्याचं स्वतःचंच नाव निघतं. वऱ्हाडी इतकी टणक वाजू शकते तर आपली रोजची भाषा का नाही, असं या पोराला वाटलं आणि तो मराठीवर आला. महादेव कोळी समाजातून आलेली माही जी, आरेच्या जंगलासाठी प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाणं करणारी ‘स्वदेशी’ या रॅपटोळीची मंडळी, ही त्याची पुढची शाळा. २०२४ मध्ये क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं ‘तांबडी चामडी’ परदेशी लेबलवर निघालं आणि सगळीकडे वाजायला लागलं, तेव्हा मी त्याचं अभिनंदन केल्यासारखं काहीतरी बोललो. मराठीच आहे, म्हणजे तुमच्यातलंच असेल, या हिशेबाने. तो म्हणाला, “भारी आहे. पण त्यात रॅप किती?” या प्रश्नात थोडी असूया होती आणि थोडं खरंही होतं.

मराठीत रॅप लिहिण्यातली एक गोम मला त्याने दाखवली. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे यमक फुकट मिळतं. आला-गेला-केला, जातो-खातो-गातो, हे कुणीही जुळवेल, आणि म्हणूनच ऐकणाऱ्याला ते ओळ संपायच्या आधी कळलेलं असतं. म्हणून हा क्रियापद उचलून ओळीच्या पोटात नेतो आणि टोकाला नाम ठेवतो. मग यमक एका अक्षरावर भागत नाही, चार-पाच अक्षरं ओढून आणावी लागतात. ‘कर्जत लोकल’ला त्याने ‘गर्जत पोकळ’ जुळवलं आहे. शेवटचा ‘ळ’ बरोबर बसत नाही, आणि तो न बसणं त्याला हवं आहे. शिवाय आपण शब्दाच्या शेवटचा अकार बहुतेक ठिकाणी गिळतो. दगड, फाटक, कडक हे शब्द ढोलकीवर थाप मारून हात तिथेच दाबून धरावा तसे बंद होतात. हिंदीत जे अकार गिळणं आहे तेच हे, पण आपल्याकडे त्यात ‘ळ’ आणि ‘ण’ यांची भर पडते आणि आवाज आणखी खाली जातो. हे त्याने असं सांगितलं नाही. त्याने फक्त तोंडाने वाजवून दाखवलं.

इथवर सगळं ठीक आहे. अडचण कार्यक्रमाची आहे.

त्याचं रेकॉर्डिंग मी पाहिलेलं आहे. कपाटाची दोन्ही दारं उघडायची, आतल्या कपड्यांकडे तोंड करून उभं राहायचं (आवाज घुमू नये म्हणून, आईच्या साड्या यासाठी उत्तम, असं त्याचं मत), आणि एक ओळ म्हणायची. थांबायचं. श्वास घ्यायचा, पाणी प्यायचं, मित्राच्या मेसेजला उत्तर द्यायचं. मग पुढची ओळ, आधीच्या ओळीच्या शेपटीला बरोबर चिकटेल अशी. याला पंच-इन म्हणतात. सगळ्या जगात असंच करतात, यात चोरी नाही. पण याचा परिणाम असा होतो की कानात इअरफोन घालून ऐकणाऱ्याला जो माणूस भेटतो, त्याला फुप्फुसं दहा आहेत. प्रत्येक ओळ ताज्या श्वासाची. मधे कुठेही हवा आत ओढल्याचा आवाज नाही, कारण तो आवाज काढून टाकलेला असतो.

आता हिशेब बघा. मिनिटाला ९० ठोक्यांचा बीट घेतला, तर सोळा बारचा एक वर्स (रॅपचं कडवं) म्हणजे चौसष्ट ठोके, सुमारे ४३ सेकंद. एका ठोक्यात चार अक्षरं कोंबायची म्हटली तर एका वर्सात अडीचशेच्या वर अक्षरं होतात. शांत बसलेला माणूस मिनिटाला १२ ते २० वेळा श्वास घेतो, म्हणजे ४३ सेकंदांत नऊ ते चौदा वेळा. वर्सात तेवढ्या जागा नाहीत. जागा लिहितानाच ठेवाव्या लागतात, आणि याने ठेवलेल्या नाहीत, कारण लिहिताना समोर माणसं नव्हती, कपाट होतं. जितकी गर्दी तितकं कौशल्य, या हिशेबाने त्याने ओळी ठासून भरल्या. कॉलेजच्या फेस्टिव्हलात आणि इतरांच्या कार्यक्रमाआधी मिळणाऱ्या दहा मिनिटांत हे खपून गेलं. दोन गाणी, दम लागायच्या आत खाली. शनिवारी त्याला एकट्याने पाऊण तास उभं राहायचं आहे.

म्हणून तो हल्ली जिना चढतो. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही, हे इतकी वर्षं आम्ही सगळ्यांनी दुर्दैव मानलं होतं. तो तळमजल्यावर पहिलं गाणं सुरू करतो आणि म्हणत म्हणत वर जातो, गच्चीच्या दाराला हात लावून म्हणत म्हणत खाली येतो. माझं घर दुसऱ्या मजल्यावर. दारावरून एक ओळ वर जाते, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ती फाटते, मग नुसतं धापा टाकणं ऐकू येतं, मग एक सणसणीत शिवी, मग परत तळमजला. पलीकडच्या आजींनी एकदा दार उघडून “अरे, वर जाऊन म्हण ना, काय ते!” असं सुनावलं. तो म्हणाला, “वर जाता जाताच म्हणायचंय, आजी.” धावताना गाण्याची ही तालीम काही त्याने शोधून काढलेली नाही, मंचावर नाचत गाणारे कित्येक जण पट्ट्यावर धावत म्हणतात. आमच्याकडे पट्टा नाही, जिना आहे.

सोपा रस्ताही आहे आणि तो सगळ्यांना माहीत आहे. आपलंच रेकॉर्ड केलेलं गाणं, आवाजासकट, मागे लावून द्यायचं आणि पुढे उभं राहून त्यावर अधूनमधून ओरडायचं. मधली ओळ सुटली तरी मागून ती येतेच. प्रेक्षकांना कळतं, आणि बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही. ते नाचायला आलेले असतात. मोठमोठी नावं हे करतात. दुसरा रस्ता म्हणजे नुसता बीट लावायचा, फक्त हुकच्या, म्हणजे परत परत येणाऱ्या ओळीच्या, जागी मागून आवाज ठेवायचा, आणि वर्स मात्र सगळा आपल्या तोंडून. त्याला दुसरा रस्ता हवा आहे. का, असं विचारल्यावर तो बराच वेळ माइकबद्दल बोलत राहिला. रॅपर मंडळी माइकची जाळी मुठीत धरतात, फोटोत ते फार रुबाबदार दिसतं. पण शुअर कंपनीचा एसएम ५८, जो १९६६ पासून जगभरच्या मंचांवर आहे, तो समोरचा आवाज घ्यायचा आणि मागचा टाळायचा अशा रचनेचा आहे. जाळीचा मागचा भाग मुठीत गेला की ती रचनाच मोडते. आवाज गढूळ होतो आणि स्पीकर शिटी मारतो. साउंडवाले यावरून रॅपरांना मनातल्या मनात काय म्हणतात, ते त्याला एका साउंडवाल्याने मोठ्याने सांगितलं होतं. “म्हणून मी खाली धरायला शिकलो,” तो म्हणाला. माझ्या प्रश्नाचं उत्तर यात होतं, असं मला नंतर वाटलं. ज्याने माइक नीट धरायला शिकून घेतला आहे, त्याला मागून वाजणाऱ्या स्वतःच्या आवाजाची लाज वाटणारच.

मराठीत रॅपबद्दल लिहायचं म्हटलं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं: रॅप म्हणजे आजचा पोवाडा. व्यासपीठावरून हे वाक्य फार छान वाजतं. मला ते पटत नाही. पोवाडा दुसऱ्याचा असतो. अगीनदासाने अफजलखानाच्या वधाचा पोवाडा रचला तो शिवाजीराजांचा; स्वतः शाहीर यायचा तो शेवटच्या चौकात, म्हणजे कडव्यात, नाव सांगून नमस्कार करण्यापुरता. रॅपमध्ये नाव पहिल्या ओळीत येतं, कित्येकदा पहिल्या ओळीच्याही आधी, बीट सुरू होताना. पोवाड्याला गोष्ट सांगायची असते, तिला आरंभ आणि शेवट असतो, किल्ला चढायचा असतो. या मुलाच्या गाण्यांत गोष्ट नाही. दिवा स्टेशनावर दाराशी लटकलेली माणसं आहेत, वडिलांचं कर्ज आहे, एक मुलगी आहे जिने उत्तर दिलेलं नाही, आणि या सगळ्याच्या मधे उभा असलेला ‘मी’. जवळचं नातं शोधायचंच तर ते मला दुसरीकडे दिसतं. वामनदादा कर्डक आणि त्यांच्या पिढीच्या आंबेडकरी शाहिरांनी सिनेमाच्या चाली बिनदिक्कत उचलल्या आणि त्यांत आपले शब्द भरले. चाल लोकांच्या तोंडात आधीच बसलेली, मग शब्द थेट आत जातात. आज हा मुलगा यूट्यूबवरून कुठल्याशा देशातल्या कुणा मुलाने बनवलेला बीट भाड्याने घेतो, त्या बीटवर आणखी कितीजणांनी रॅप केलं असेल याची त्याला फिकीर नसते. चाल उसनी, शब्द आपले.

पण मी हे सगळं बाहेरून बोलत नाही. कॉलेजात असताना मी पोवाड्याच्या एका चमूत होतो. शाहीर नव्हतो, मागे उभा राहणारा झीलकरी. डोक्याला पटका, हातात झांज, तोंडात ‘जी रं जी जी’. घरच्यांना सांगताना मी ‘पोवाडा गातो’ असं सांगायचो, पण माझ्या वाट्याला शब्द जवळजवळ नव्हतेच. वर्षाला एक स्पर्धा, गणपतीत दोन-चार ठिकाणची बोलावणी, शिवजयंतीला हमखास. आमचा शाहीर अंगाने किडकिडीत होता, पण दोनशे माणसांना माइकशिवाय पुरेल असा त्याचा आवाज होता. पहिल्याच तालमीत त्याने आम्हाला एक गोष्ट बजावली. मी ओळ वर नेली की शेवटची दोन अक्षरं मी सोडून देणार, ती तुम्ही उचला. उचलली नाहीत तर मी मेलो.

लोकांना वाटतं झील ही सजावट आहे, वातावरण तापवायची सोय. मागे उभं राहिलं की वेगळंच दिसतं. ओळ टिपेला जाते, शाहीर ती आमच्या अंगावर टाकतो, आम्ही ती धरून ठेवतो, आणि त्या चार-सहा मात्रांमध्ये पुढे तोंड करून उभा असलेला तो माणूस काय करतो ते फक्त आम्हाला दिसतं. त्याचे खांदे वर जातात. बरगड्या फुलतात. डफावरची बोटं सैल पडतात. तो पुढचा चौक आठवतो, समोर कोण झोपलंय ते बघतो, आणि खांदे खाली आले की आम्ही झील सोडतो. आमचं सगळं लक्ष त्याच्या पाठीकडे असायचं. त्याचा श्वास पुरा झाला नसेल तर आम्ही आणखी एक ‘जी’ लांबवायचो. प्रेक्षकांना तो जोश वाटायचा, टाळ्या पडायच्या. एकदा त्याला खोकला झालेला असताना आम्ही अख्खा पोवाडा असा ओढला आहे, आणि बक्षीस मिळालं.

वारकरी कीर्तनात टाळकरी मागे उभे असतात, त्यांचंही काम पुष्कळसं हेच. बुवा एका दमात बोलत बोलत कुठल्या तरी टोकाला पोचतात, चाल सुटते, टाळकरी ती उचलून फिरवत राहतात, बुवा उपरण्याने घाम पुसतात. दोन दोन तास एकटा माणूस बोलू-गाऊ शकतो, त्याचं कारण तो एकटा नसतो. ही व्यवस्था आपल्याकडे इतकी जुनी आणि इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्याकडे कुणी व्यवस्था म्हणून बघत नाही.

न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये रॅपची सुरुवातही झाली ती याच मागच्या माणसापासून, ही मला या मुलाने सांगितलेली सगळ्यात मजेची गोष्ट. ११ ऑगस्ट १९७३ ला सेजविक ॲव्हेन्यूवरच्या १५२० क्रमांकाच्या इमारतीत, खालच्या सार्वजनिक खोलीत, सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने शाळा सुरू होण्याआधी कपड्यांच्या खर्चासाठी पार्टी ठेवली. मुलींना २५ सेंट, मुलांना ५०. तिथे तबकड्या लावायला तिचा भाऊ, डीजे कूल हर्क. लोक त्याच्यासाठी आले होते. त्याचा दोस्त कोक ला रॉक माइकवर होता, आणि त्याचं काम एवढंच की आलेल्या मित्रांची नावं पुकारायची, कुणाची गाडी अडचणीत लागली असेल तर सांगायचं, मधूनच दोन यमकं फेकायची आणि नाचणाऱ्यांचा दम टिकवायचा. म्हणजे मुख्य माणूस तबकड्यांमागे होता आणि शब्दवाला त्याचा झीलकरी होता. सहा वर्षांत, १९७९ मध्ये ‘रॅपर्स डिलाइट’ची तबकडी निघेपर्यंत, शब्दवाला पुढे आला आणि तबकड्यावाला मागे गेला. मागचा माणूस पुढे आला की त्याच्या मागे कुणीतरी लागतोच. तो लागला, आणि त्याला हाइपमॅन म्हणू लागले. मुख्य रॅपरच्या ओळीचे शेवटचे शब्द उचलायचे, दुप्पट करायचे, तो दम घेत असताना पोकळी पडू द्यायची नाही.

हे ऐकून मी हसलो. तो म्हणाला, “काय झालं?” मी त्याला ‘जी रं जी जी’ म्हणून दाखवलं. बायको आतून बाहेर आली.

शनिवारच्या कार्यक्रमासाठी त्याच्याकडे असा मागचा माणूस नव्हता. त्याच्या डोक्यात एकट्याने उभं राहण्याचं चित्र पक्कं होतं. पोस्टरवर तो एकटा आहे, मागे अंधार. टोळीने गाणारे रॅपर असतात, त्यांना ही अडचण तितकी येत नाही. ‘स्वदेशी’त मराठीत एमसी मवाली, गुजरातीत एमसी टॉडफॉड. एकाचा वर्स संपला की दुसऱ्याचा, प्रत्येकाच्या वाट्याला श्वास आपोआप येतो. टॉडफॉड म्हणजे धर्मेश परमार २०२२ च्या मार्चमध्ये गेला, अवघ्या २४ व्या वर्षी. त्याचं नाव निघालं की हा मुलगा विषय बदलतो. टोळी का केली नाहीस, या माझ्या प्रश्नावरही त्याने विषय बदलला होता. डोंबिवलीत तीन मुलं होती, एक पुण्याला नोकरीला लागला, एकाला घरच्यांनी बंद करायला लावलं, उरला हा, एवढं मला आईकडून कळलं.

आईची काळजी निराळी आहे. ती मला जिन्यात गाठून म्हणते, “तुमचं ऐकतो तो. राजकारणावर काही म्हणू नकोस म्हणावं.” २०२३ च्या एप्रिलमध्ये राज मुंगसे आणि उमेश खाडे या दोन मराठी रॅपरांवर त्यांच्या गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले, हे तिने तेव्हा टीव्हीवर बघितलं होतं आणि ती ते विसरलेली नाही. मी तिला म्हटलं, त्याच्या गाण्यांत पुढारी नाहीत, रेल्वे आहे. ती म्हणाली, “रेल्वे पण सरकारचीच ना?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही.

कार्यक्रमाची जागा गिरणीच्या जुन्या आवारात आहे. बाहेरची दगडी भिंत तशीच ठेवली आहे, आत काळा रंग, वर लोखंडी सांगाडा, आणि एका बाजूला मद्याच्या बाटल्यांची उजळलेली फळी. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले होते आणि त्यातले बहुसंख्य याच दोन-चार मैलांत राहत होते. त्याच्याही आधी, १९४४ मध्ये निघालेल्या लाल बावटा कलापथकाचे अण्णाभाऊ साठे, अमर शेख, द. ना. गव्हाणकर याच लोकांसमोर गायचे, आणि अमर शेखांचा आवाज ऐकलेली माणसं तो आठवताना अजून हात हवेत वर नेतात. इथे एखाद्या लेखकाने या मुलाच्या आजोबांना गिरणीत कामाला लावलं असतं. त्याचे आजोबा खेडला पोस्टात होते. लोअर परळशी त्याचं नातं म्हणजे तिथे उतरून पुलावरच्या गर्दीत दहा मिनिटं अडकणं. मी त्याला अण्णाभाऊंबद्दल सांगायला गेलो तर तो म्हणाला, “माहितीय काका, शाळेत धडा होता.” मी गप्प बसलो. त्या जागेचा इतिहास त्याच्यावर टाकायचा हट्ट माझा होता. त्याच्या डोक्यात त्या जागेबद्दल एकच प्रश्न होता: छत पत्र्याचं आहे की काँक्रीटचं, कारण पत्र्याखाली खालचे सूर भणभणतात.

गेल्या रविवारी मात्र तो स्वतःच वह्या घेऊन खाली आला. सोबत एक मित्र होता, उंच, आवाजाने भरदार, कल्याणचा. भिवंडीच्या एका गोदामात माल मोजायचं काम करतो. सगळी गाणी त्याला पाठ आहेत, कारण प्रत्येक गाणं पहिल्यांदा त्यालाच ऐकवलेलं असतं. “काका, ते तुम्ही त्या दिवशी म्हणालात ना, मागून उचलायचं,” मुलगा म्हणाला, “ते कुठे कुठे उचलायचं ते सांगा.”

आम्ही तिघे जेवणाच्या टेबलावर बसलो. मला बीट कळत नाही, पण दम कुठे संपतो ते कळतं. तो म्हणायचा, मी त्याच्या खांद्यांकडे बघायचो आणि वहीत पेन्सिलीने खूण करायचो. जिथे खूण आली तिथले शेवटचे दोन-तीन शब्द त्याने सोडायचे आणि मित्राने घ्यायचे. पहिल्या गाण्यात हे सहज बसलं. दुसऱ्यात त्याने भांडण काढलं. ज्या ओळीवर त्याला टाळी हवी होती, नेमका तिथेच दम संपत होता, आणि ओळीतला तो शेवटचा शब्द तो कुणालाही द्यायला तयार नव्हता. “हाच तर बार आहे, काका. हा मी नाही म्हटला तर मग कोण म्हणणार?” मी म्हटलं, त्याच्या आधीची ओळ सोड. आधीच्या ओळीत वडील होते, तीही त्याला सोडवेना. शेवटी त्याने चक्क चार शब्द खोडले. वर्स लिहिल्यापासून पहिल्यांदाच त्या ओळीत मोकळी जागा आली, आणि पुढच्या वेळी म्हणताना त्या जागेत त्याचा श्वास आम्हा तिघांनाही ऐकू आला. “हा आवाज माइकमध्ये जाईल,” तो चिंतेत म्हणाला. मी म्हटलं, जाऊ दे.

तिसरं गाणं त्याचं सगळ्यात गाजलेलं, दारातून परत जाणाऱ्या पोरांना पाठ असलेलं. त्याच्या हुकला त्याने माझ्या खुणेची वाटच बघितली नाही. इथे मी काहीच म्हणणार नाही, तो म्हणाला, माइक लोकांसमोर धरणार, ही ओळ सगळ्यांना येते.

“आणि ज्यांना येते ती मुलं आत नसतील तर?” मी विचारलं. “एकवीसच्या वरच्यांना येत नसेल तर? शांतता पडली तर?”

तो वहीकडे बघत राहिला. उत्तर मित्राने दिलं.

“मी आहे ना,” तो म्हणाला. मग खिशातून फोन काढून त्याने काहीतरी तपासलं. “शनिवारची शिफ्ट बदलून मिळाली की.”